एका वसाहतीची बखर

विल्यम ब्रॅडफर्ड या इंग्रज गृहस्थाने सतराव्या शतकात लिहिलेला प्लिमथ वसाहतीचा इतिहास आपल्याकडे नावाने थोड्यांस आणि वाचनाने त्याहूनही थोड्यांस परिचित आहे. मेफ्लॉवर जहाज, धर्मासाठी देशत्याग केलेले यात्रेकरू, पहिल्या सुगीची मेजवानी, असे काही तुकडे क्रमिक पुस्तकांतून कानांवर आलेले असतात आणि त्यांवरून ग्रंथाविषयी एक गोड कल्पना आपण करून बसतो. ग्रंथ उघडला की ती लवकरच गळून पडते. ज्या मेजवानीवर अमेरिकेचा एक राष्ट्रीय सण उभा आहे, तिचे वर्णन ब्रॅडफर्डने केलेलेच नाही. 1621 च्या सुगीनंतर मका, मासे, रानपक्षी आणि हरणाचे मांस यांची वाण उरली नाही, एवढे तो सांगतो आणि पुढे जातो. मेजवानीची हकीकत त्याचा सहकारी एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रातली. ती 1622 मध्ये लंडनला छापली गेली. ब्रॅडफर्डला सणाचे महत्त्व वाटले नसावे. त्याला हिशेब द्यायचा होता, आणि तो माणसांना नव्हे.

ग्रंथकर्त्याचे चरित्र थोडक्यात सांगितले म्हणजे पुरे. यॉर्कशायरमधील ऑस्टरफील्ड या खेड्यात 1590 साली त्याचा जन्म झाला. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले. मुलगा आजारी, एकलकोंडा, बायबल वाचणारा. जवळच्या स्क्रूबी गावी विल्यम ब्रूस्टर नावाच्या सद्गृहस्थाच्या वाड्यात काही माणसे गुप्तपणे उपासनेसाठी जमत. पोरवयातच हा त्यांच्यात जाऊन मिळाला. या मंडळींना आपण सरसकट प्युरिटन म्हणतो, परंतु एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. सामान्य प्युरिटन इंग्लंडचा राजमान्य चर्च आतून शुद्ध करू पाहत होता. स्क्रूबीच्या लोकांनी त्या चर्चशी संबंधच तोडला होता. राजसत्तेच्या दृष्टीने हा राजद्रोह. ब्रॅडफर्ड पुढे हॉलंडमध्ये विणकर झाला, अमेरिकेत वसाहतीचा गव्हर्नर झाला, आणि 1621 पासून 1657 साली मृत्यू येईपर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, दर वर्षी लोकांनी त्यालाच निवडले. शासकाचे काम करीत असता 1630 च्या सुमारास तो लिहावयास बसला. पहिला भाग त्याने सलग लिहिला. दुसरा भाग वर्षवार नोंदींचा असून तो बहुतांशी 1640 नंतरच्या दशकातला आहे.

मराठी वाचकास येथे बखरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपला सभासद जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहितो. धन्याची कीर्ती हा त्याचा हेतू उघड आहे. ब्रॅडफर्डला कोणी आज्ञा केलेली नव्हती. ग्रंथ छापण्याची खटपटही त्याने केली नाही. तो लिहितो साध्या शैलीत, तसे तो आरंभीच सांगून टाकतो. परंतु हा साधेपणा अशिक्षिताचा नव्हे. बायबलच्या इंग्रजी भाषांतराचा ठेका त्याच्या कानांत मुरलेला आहे, आणि जोडशब्दांनी वाक्य तोलण्याची त्याची सवय अशी की गद्य असूनही वाचकाने ते मोठ्याने वाचावे.

पहिल्या भागातील सर्वांत जिवंत पाने हॉलंडला पळून जाण्याच्या प्रयत्नांची आहेत. 1607 मध्ये लिंकनशायरच्या बॉस्टन बंदराजवळ जहाज ठरले. कप्तानाने पैसे घेतले, माणसे चढवली आणि सरकारी शिपायांच्या हाती दिली. शिपायांनी स्त्रियांचीही झडती घेतली, चीजवस्तू लुटल्या. पुढच्या वर्षी दुसरा प्रयत्न. पुरुष आधी जहाजावर गेले. स्त्रिया, मुले आणि सामान असलेली नाव ओहोटीमुळे चिखलात रुतून बसली. इतक्यात किनाऱ्यावर हत्यारबंद जमाव दिसला. डच कप्तानाने शिव्या हासडून नांगर उचलला. नवरे समुद्रात, बायका काठावर, अंगावरच्या कपड्यांखेरीज कोणापाशी काही नाही. जहाज वादळात सापडून नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत फेकले गेले. इकडे त्या बायकांना एका न्यायाधीशाकडून दुसऱ्याकडे हिंडवण्यात आले. नवऱ्याबरोबर जाऊ पाहणे हा गुन्हा कसा ठरवावा हे कोणालाच कळेना. घरी पाठवावे तर घरे विकून टाकलेली. शेवटी अधिकारीच कंटाळले आणि त्यांना जाऊ दिले. ही सारी हकीकत ब्रॅडफर्ड आवाज न चढवता सांगतो. अन्याय झाला असे ओरडून सांगणाऱ्या दहा ग्रंथांपेक्षा चिखलात रुतलेली ती एक नाव अधिक बोलते.

गोमंतकीय वाचक ही पाने वाचताना क्षणभर थांबेल. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास कशी गेली, हे त्याला कोणी सांगावयास नको. देव वाचवण्यासाठी घर सोडणे म्हणजे काय हे ज्या समाजाच्या रक्तात आहे त्याला स्क्रूबीच्या माणसांचे दुःख लगेच उमगेल. परंतु हे साम्य फार ताणू नये. आपल्या पूर्वजांनी नदी ओलांडली ती आपलीच भाषा बोलणाऱ्या आणि आपलेच देव पूजणाऱ्या मुलखात. ब्रॅडफर्डच्या मंडळींनी महासागर ओलांडला, आणि पलीकडची भूमी दुसऱ्या कोणाची होती.

हॉलंडमधील लायडन शहरात ही मंडळी सुमारे अकरा वर्षे राहिली. तेथे उपासनेला आडकाठी नव्हती. मग ती सोडली का? ब्रॅडफर्डची कारणे फार प्रामाणिक आहेत. कष्ट इतके की माणसे अकाली म्हातारी होत. मुले आईबापांच्या ओझ्याखाली वाकून जात. आणि त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे काही मुले शहराच्या मोहाला भुलून सैन्यात, जहाजांवर, नको त्या वाटांना लागत. छळाने जे झाले नाही ते सुरक्षिततेने होऊ लागले होते. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या इंदूर-बडोद्याच्या आपल्या वाचकांना हा परिच्छेद भाषांतराशिवाय समजेल! लायडन सोडतानाच्या वर्णनात ब्रॅडफर्डने आपल्या लोकांना यात्रेकरू म्हटले. बायबलमधून घेतलेला तो शब्द पुढे त्यांना कायमचा चिकटला.

प्रवासवर्णनात ईश्वरी संकेत शोधण्याची त्याची रीत आधुनिक वाचकास प्रथम खटकेल. आजारी प्रवाशांना शिव्याशाप देणारा एक धट्टाकट्टा खलाशी सर्वांच्या आधी स्वतःच मरतो आणि समुद्रात टाकला जातो. ब्रॅडफर्डला यात देवाचा हात स्पष्ट दिसतो. जॉन हाउलंड नावाचा तरुण वादळात डेकवरून फेकला जातो, लोंबकळणारा दोर त्याच्या हाती लागतो, तो वाचतो. यातही तोच हात. जहाजाची मुख्य तुळई तडकते तेव्हा मात्र हॉलंडहून आणलेला एक मोठा लोखंडी स्क्रू उपयोगी पडतो, आणि तो कोठे कसा बसवला हे ब्रॅडफर्ड तितक्याच आस्थेने नोंदवतो. ईश्वरावर भरवसा आणि स्क्रूवर नजर, या दोहोंत त्याला विरोध दिसत नाही. त्याच्या स्वभावाची किल्ली येथे आहे असे मला वाटते.

नोव्हेंबर 1620 मध्ये जहाज केप कॉडला लागले. नवव्या प्रकरणाच्या शेवटी लेखक एकाएकी कथा थांबवतो आणि आपल्या लोकांकडे दुरून पाहतो. मागे समुद्र, पुढे हिवाळा; स्वागताला मित्र नाही, उतरायला धर्मशाळा नाही; सभोवार रान, त्यात पशू आणि त्याच्या मते पशूंसारखीच माणसे. अमेरिकन वाङ्मयातील हा अत्यंत प्रसिद्ध उतारा, आणि त्याची कीर्ती रास्त आहे. तथापि त्याच्या लगत पुढच्याच प्रकरणात काय आहे, हे कीर्तनकार सहसा सांगत नाहीत. किनारा धुंडाळणाऱ्या टोळीला वाळूचे उंचवटे दिसतात. ते उकरल्यावर रंगीबेरंगी कणसांनी भरलेल्या टोपल्या सापडतात. पुढच्या वसंतात पेरावयाला बी मिळाले ते हेच. एरवी आपण उपाशी मेलो असतो, असे म्हणून ब्रॅडफर्ड देवाचे आभार मानतो. पण ज्या रानात माणूस नाही म्हणून एक पान भरले, त्या रानात हे धान्य पेरले कोणी, टोपल्या विणल्या कोणी आणि पुरून ठेवले कोणासाठी? त्याला प्रश्न अगदीच सुचला नाही असे नव्हे. मालकांना पुढे मोबदला दिल्याची नोंद त्याने केली आहे. परंतु त्या दोन पानांतली विसंगती त्याने तशीच राहू दिली आहे. तिच्यावरून ग्रंथातील पुढच्या साऱ्या प्रश्नाची चाहूल लागते.

पहिल्या हिवाळ्यात शंभरावर माणसांपैकी निम्मी दगावली. एक वेळ अशी आली की धडधाकट अशी सहा-सात माणसेच उरली. ती सरपण आणीत, अंथरुणे करीत, रोग्यांचे किळसवाणे कपडे धुवीत. त्यांत वृद्ध ब्रूस्टर होता, आणि लष्करी कप्तान माइल्स स्टँडिशही. स्वतः रोगी असलेला ब्रॅडफर्ड त्यांचे ऋण मान्य करतो. वसंतात टिस्क्वांटम आला. हा मूळचा याच जागचा, पटक्सेट गावचा. 1614 मध्ये टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकावयास नेले. तेथून तो इंग्लंडमार्गे परतला, तोवर साथीने त्याचे सारे गाव मेले होते. प्लिमथची घरे त्याच ओसाड गावावर उभी राहिली. मका कसा पेरावा, मासळीचे खत कसे घालावे, हे इंग्रजांना शिकवणारा हाच. ब्रॅडफर्ड त्याला देवाने धाडलेले साधन म्हणतो. त्याच्या कावेबाजपणाचीही हकीकत देतो. आणि 1622 मध्ये तो मेला तेव्हा आपली मोठी हानी झाली असे लिहितो. गाव गमावलेल्या या माणसाच्या मनात काय असेल, हा विचार मात्र ग्रंथात येत नाही.

दुसऱ्या भागात पुष्कळ पाने कंटाळवाणी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. लंडनच्या भांडवलदारांशी केलेले करार, बीव्हरची कातडी, व्याज, गहाळ पावत्या, आणि या सर्वांवर आयझॅक ॲलर्टनची सावली. ॲलर्टन हा ब्रूस्टरचा जावई. वसाहतीचा मुखत्यार म्हणून लंडनला जाई आणि वसाहतीच्या व्यापारात आपला खासगी व्यापार मिसळी. घरचाच माणूस, म्हणून ब्रॅडफर्ड आधी गप्प बसतो, मग कुरकुरतो, मग ब्रूस्टरचे मन दुखवू नये म्हणून पुन्हा गप्प बसतो. तोवर कर्ज डोंगराएवढे होते. ज्यांनी एखाद्या देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या चाळल्या आहेत त्यांना ही पाने अनोळखी वाटणार नाहीत.

1623 चा एक प्रसंग अमेरिकेत फार उगाळला गेला आहे. सामायिक शेतीत माणसे कामचुकारपणा करीत. मग प्रत्येक कुटुंबाला वेगळी जमीन वाटून दिली, आणि बायकासुद्धा मुलांना घेऊन आपखुशीने शेतात जाऊ लागल्या. प्लेटोची आदर्श नगरी खोटी ठरली, असा टोला ब्रॅडफर्ड मारतो, आणि खासगी मालमत्तेचे पुरस्कर्ते हे पान झेंड्यासारखे नाचवतात. परंतु ही सामायिकता लंडनच्या व्यापाऱ्यांच्या सात वर्षांच्या करारातून आलेली होती. तत्त्वज्ञाच्या स्वप्नाशी तिचा संबंध नव्हता. ज्या नफ्याचे हक्कदार साहुकार, त्याकरता घाम गाळावयास माणसे नाराज होती, एवढाच त्यातून निघणारा बोध. ब्रॅडफर्डची येथे गल्लत झाली आहे. त्याच्या आधुनिक चाहत्यांची त्याहून मोठी.

हा माणूस कोरडा असेल असा समज होऊ नये म्हणून नाताळची गोष्ट सांगतो. 1621 मध्ये नव्याने आलेल्या काही तरुणांनी नाताळच्या दिवशी काम करणे आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही, असे सांगितले. प्लिमथचे लोक हा सण मानीत नसत. गव्हर्नराने त्यांना सूट दिली. दुपारी परत येऊन पाहतो तर मंडळी रस्त्यात खेळत आहेत. तेव्हा इतरांनी राबावे आणि तुम्ही खेळावे हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही, असे म्हणून त्याने खेळाची साधने काढून घेतली. सण पाळावयाचा तर घरात बसून पाळा! ही हकीकत आपण गंभीर इतिहासापेक्षा गंमत म्हणून देत आहोत, असे तो सुचवतो. गंमत खरी, पण छळापासून पळालेल्या माणसाच्या हाती सत्ता आली म्हणजे दुसऱ्याच्या सणाचे काय होते, हेही त्यातून दिसते.

आता ग्रंथातील अवघड स्थळाकडे वळले पाहिजे. 1634 च्या नोंदीत कनेक्टिकट नदीकाठच्या मूळ रहिवाशांत देवीची साथ आल्याचे वर्णन आहे. माणसे इतकी खचली की सरपण आणता येईना. तेव्हा त्यांनी लाकडी थाळ्या जाळल्या, धनुष्यबाण जाळले. पाण्यासाठी चार पायांवर रांगत बाहेर पडली आणि वाटेतच मेली. वखारीतील इंग्रजांनी भीती असूनही त्यांना लाकूडपाणी नेऊन दिले, मेलेल्यांना पुरले. त्या काळच्या इंग्रजी लेखनात परधर्मीयांच्या मरणाविषयी इतकी करुणा क्वचितच आढळेल. तीन वर्षे पुढे या. मे 1637 मध्ये मिस्टिक येथे पीक्वॉट लोकांच्या तटबंदीला इंग्रजांनी आणि त्यांच्या मित्रजमातींनी वेढले आणि आग लावली. ब्रॅडफर्डच्या मते सुमारे चारशे माणसे मेली. आगीत भाजणारी शरीरे, रक्ताने विझणाऱ्या ज्वाळा, दुर्गंधी, हे सारे तो लिहितो. आणि विजय हा ईश्वराला अर्पण केलेला गोड यज्ञ होता असे म्हणून स्तुती गातो. तो स्वतः तेथे नव्हता. प्लिमथची तुकडीही पोचलेली नव्हती. पत्रांवरून लिहिलेले हे वर्णन आहे. तेव्हा डोळ्यांनी पाहिले म्हणून मन बधिर झाले, अशी सबबही राहत नाही.

एकाच लेखणीतून ही दोन पाने कशी आली? पहिले खोटे आणि दुसरे खरे, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. माझा तर्क असा की, ब्रॅडफर्डची करुणा दुर्बळासाठी आहे आणि त्याचा देव विजेत्यासाठी. रांगत पाण्याकडे जाणारा माणूस त्याला दिसतो, कारण त्या क्षणी त्या माणसाला बायबलच्या कथेत काही भूमिका नसते. शत्रू म्हणून तो उभा राहिला की जुन्या करारातील युद्धकथा मध्ये येते आणि माणूस दिसेनासा होतो. पवित्र ग्रंथ वाचणाऱ्या कोणत्याही समाजाला हा धोका आहे, आपल्यालाही.

पण येथेच ग्रंथकाराच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 1623 मध्ये स्टँडिशने वेसॅगसेट येथे काही मूळ रहिवाशांना बंद खोलीत गाठून मारले. लायडनला राहिलेला मंडळींचा गुरू जॉन रॉबिन्सन याला हे कळले. कोणालाही मारण्यापूर्वी काहींना तरी धर्मात आणले असतेत तर किती बरे झाले असते, अशा आशयाचे कडक पत्र त्याने ब्रॅडफर्डलाच लिहिले. गुरूने केलेली ही कानउघाडणी ब्रॅडफर्डने दडपली नाही. ग्रंथात उतरवून ठेवली. रॉबिन्सन 1625 मध्ये वारला. त्याला नवी भूमी दिसलीच नाही. ज्याला ग्रंथ निव्वळ स्तुतीसाठी लिहावयाचा आहे तो असले पत्र ठेवीत नाही.

शेवटची प्रकरणे ओहोटीची आहेत. 1630 नंतर मॅसॅच्युसेट्स उपसागराकडे हजारो नवे लोक आले. गुरांना आणि धान्याला भाव चढला. प्लिमथचे लोक श्रीमंत झाले, आणि गुरांना कुरणे हवीत म्हणून लांब लांब पांगले. उपासनेसाठी महासागर ओलांडणारी मंडळी चाऱ्यासाठी एकमेकांपासून दुरावली. 1644 मध्ये काही प्रमुख कुटुंबे नॉसेटला गेली, तेव्हा मुलांनी टाकून दिलेल्या म्हाताऱ्या आईसारखा आपला चर्च झाला असे तो लिहितो. हस्तलिखितात याहून करुण एक जागा आहे. आरंभीच्या प्रकरणांत, आपण सारे एका पवित्र बंधनाने बांधलेले आहोत असे सांगणारे रॉबिन्सन आणि ब्रूस्टर यांचे पत्र त्याने नकलून ठेवले होते. पुष्कळ वर्षांनी म्हातारपणी ते पान उलटून त्याने मागच्या कोऱ्या बाजूस ते बंधन सुटल्याचा विलाप लिहिला. पुढचे पान खोडले नाही. दोन्ही तशीच राहिली. याच सुमारास तो हिब्रू शिकू लागला. देवाची मूळ वाणी मरण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावी, अशी त्याची इच्छा होती. हस्तलिखिताच्या आरंभीच्या पानांवर त्याने गिरवलेले हिब्रू शब्द आहेत. साठीच्या घरात संस्कृत शब्दरूपावली हाती घेणारे आजोबा आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

हस्तलिखिताचा प्रवासही त्याच्या लोकांच्या प्रवासाइतकाच विचित्र आहे. बॉस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमधील ग्रंथसंग्रहातून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते नाहीसे झाले, आणि 1855 मध्ये लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात ओळखले गेले. ज्या चर्चला कंटाळून ही माणसे पळाली, त्याच्याच धर्माधिकाऱ्याच्या घरी! 1856 मध्ये ते प्रथम छापले गेले आणि 1897 मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळाले. नव्याने वाचणाऱ्याने सॅम्युएल एलियट मॉरिसन यांची 1952 ची आवृत्ती घ्यावी. तीत जुने शुद्धलेखन सुलभ केलेले आहे.

ग्रंथ संपत नाही, थांबतो. 1646 च्या नोंदीत विन्स्लो इंग्लंडला जातो, तो परत येत नाही. त्यानंतर 1647 आणि 1648 ही दोन वर्षे शीर्षक म्हणून लिहिलेली आहेत. खाली काही नाही. मग मेफ्लॉवरवरून आलेल्या सर्वांची यादी येते: कोण किती दिवस जगले, कोणाला किती मुले झाली, कोण कधी मेले. ब्रॅडफर्डची पत्नी डॉरोथी डिसेंबर 1620 मध्ये, तो किनारा धुंडाळावयास गेला असता, जहाजावरून पडून बुडाली. हे जगाला कळले कॉटन मॅदरच्या 1702 च्या ग्रंथावरून. तिने जीव दिला अशी एक कथा पुढे एकोणिसाव्या शतकात रचली गेली. तिला आधार नाही. ब्रॅडफर्डने त्या डिसेंबरच्या प्रकरणात तिचा शब्दानेही उल्लेख केलेला नाही. होडी, थंडी, खडक, किनाऱ्यावरचे पाणी, सारे आहे, ती नाही. तीस वर्षांनंतर केलेल्या या यादीत मात्र इतर कुटुंबांसारखेच आपलेही कुटुंब तो मांडतो: विल्यम ब्रॅडफर्ड, त्याची पत्नी डॉरोथी, आणि मागे ठेवलेला एक मुलगा, जो नंतर आला. खाली हिशेबाच्या जागी, पोचल्यावर थोड्याच दिवसांत पत्नी वारली, एवढीच नोंद आहे.